टार्गेट पिस्तुलाची काडतुसं पुन्हा भरताय? पुंगळी निवडताना या चुका टाळा

पुन्हा भरलेल्या काडतुसात प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर आणि गोळी दर वेळी नवी असते. जुनी असते ती फक्त पितळी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच. तरीही कागदावरचा ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) पसरला की बरेच नेमबाज आधी पावडर बदलतात, मग गोळी बदलतात, आणि पुंगळ्यांच्या डब्याकडे कुणी बघतही नाही. माझं मत स्पष्ट आहे: टार्गेट नेमबाजीसाठी महागडी पुंगळी लागत नाही. लागतात त्या एकसारख्या पुंगळ्या, आणि त्या आधी काय काय सोसून आल्या आहेत याची माहिती. पुढच्या जवळपास सगळ्या चुका या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष केल्याने होतात. (काडतुसं भरण्याचं काम अर्थातच कायदा आणि परवाना मुभा देतो तिथेच करायचं, आणि पावडरचं प्रमाण उत्पादकाच्या छापील तक्त्यातूनच घ्यायचं.)

सगळे हेडस्टँप एकाच डब्यात

पुंगळीच्या बुडावरचा शिक्का म्हणजे हेडस्टँप. शिक्का बदलला की भिंतीची जाडी बदलते आणि आतली जागाही बदलते. पातळ भिंतीची पुंगळी गोळीला सैल धरते, जाड भिंतीची घट्ट. ९ मिमी ल्युगर या काडतुसात याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण ही पुंगळी जेमतेम १९.१५ मिमी लांब असते, आत जागा कमी असते आणि काडतुसाचा कमाल दाब ३५,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पाउंड) जातो. पिस्तुलात चढताना सैल गोळी थोडी जरी आत सरकली तरी दाब झपाट्याने वाढतो. तुलनेसाठी, .४५ एसीपी या काडतुसाची मर्यादा २१,००० पीएसआय आहे आणि .३८ स्पेशलची १७,०००.

तपासणी सोपी आहे. भरलेल्या काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजा, गोळीचं टोक टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबा, पुन्हा मोजा. लांबी कमी झाली तर त्या शिक्क्याच्या पुंगळ्या बाजूला काढा. क्रिम्प (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणं) जास्त करून हे दुखणं बरं होत नाही. पितळ गोळीपेक्षा जास्त परत उसळतं, त्यामुळे जास्त आवळल्यावर पकड उलट ढिली होऊ शकते.

.३८ स्पेशलमध्ये पोकळ बुडाची वॉडकटर (सपाट टोकाची, टार्गेटसाठीची) गोळी भरणाऱ्यांनी आणखी काळजी घ्यायला हवी. ती गोळी पुंगळीत खोलवर, जवळपास तोंडाच्या पातळीपर्यंत बसते. साध्या पुंगळीची भिंत तळाकडे लवकर जाड होते. मग एक तर पुंगळी फुगते, नाही तर गोळीचं मऊ शिसं आवळलं जातं आणि नेम बिघडतो. वॉडकटरसाठी बनवलेल्या पुंगळीत पातळ भिंत बरीच खालपर्यंत जाते. इथे मात्र खास पुंगळीवर खर्च करावा, असं मी आग्रहाने सांगेन.

रेंजवर सापडली, उचलली, भरली

सगळ्यात जास्त धोका या चुकीत आहे. जमिनीवर पडलेली पुंगळी किती वेळा भरली गेली आहे आणि किती दाब सोसून आली आहे, हे तिच्याकडे बघून कळत नाही. आयपीएससी या प्रॅक्टिकल नेमबाजी स्पर्धांच्या ओपन विभागातले काही स्पर्धक ९ मिमीमध्ये ‘मेजर’ ताकदीची, म्हणजे नेहमीपेक्षा जोरदार काडतुसं वापरतात. त्यांच्या पुंगळ्यांवर फार ताण आलेला असतो. काही पिस्तुलांच्या चेंबरला (काडतूस बसतं ती नळीची जागा) रॅम्पपाशी, म्हणजे काडतूस आत चढतं त्या उतारापाशी, पुरेसा आधार नसतो, तिथे पुंगळी बुडाजवळ एका बाजूने फुगते. डायने (पुंगळी मूळ मापावर आणणारा साचा) तो फुगवटा सपाट होतो, पण ताणलेलं पितळ पूर्वीसारखं मजबूत होत नाही. फुगवटा बोटाला जाणवला तर पुंगळी भंगारात.

९ मिमीच्या काही पुंगळ्यांत आतल्या भिंतीला पायरी असते. पायरीच्या वर भिंत एकदम पातळ होते, आणि पुन्हा भरल्यावर तिथूनच तुटण्याचा धोका असतो. तुटलेला पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकतो. टॉर्चच्या उजेडात आत बघितलं की पायरी स्पष्ट दिसते. सुरुवात करणाऱ्याने नव्या किंवा स्वतःच्याच पिस्तुलातून उडवलेल्या पुंगळ्या घ्याव्यात, हे उत्तम.

जात न ओळखणं

प्रायमरच्या रचनेवरून पुंगळ्यांच्या दोन जाती असतात, बॉक्सर आणि बर्डन. बॉक्सर पुंगळीच्या तळाला मधोमध एकच छिद्र असतं, बर्डनला बहुधा दोन. बर्डन डायमध्ये गेली की डिकॅपिंग पिन (जुना प्रायमर बाहेर ढकलणारी सळई) वाकते किंवा मोडते. ती घेऊच नका. स्टील आणि अॅल्युमिनियमच्या पुंगळ्याही घेऊ नका. .२२ रिमफायर तर भरताच येत नाही, कारण तिचा प्रायमरचा मसाला रिममध्येच (बुडाच्या कडेत) असतो.

.४५ एसीपी मोठ्या आणि लहान, दोन्ही प्रायमरच्या पॉकेटसह (प्रायमर बसतो तो खळगा) मिळते. मिसळलेल्या ढिगात लहान पॉकेटमध्ये मोठा प्रायमर दाबला गेला तर तो चिरडून पेटू शकतो. प्रेसवर (काडतूस भरण्याचं यंत्र) हात अडला तर जोर लावू नका, थांबा आणि बघा. लष्करी पुंगळ्यांचा प्रायमर बहुधा क्रिम्प केलेला, म्हणजे पॉकेटची कडा दाबून पक्का केलेला असतो. ती कडा आधी स्वेज करावी (दाबून सारखी करावी) लागते, नाहीतर नवा प्रायमर तिरका किंवा उंच बसतो. आणि ९ मिमीच्या ढिगात .३८० एसीपी हमखास घुसते. तिची लांबी सुमारे १७.३ मिमी, म्हणजे घाईत नजर सहज फसते.

निकेल चढवलेली पुंगळी गंजत नाही, डायमधून गुळगुळीत जाते, पण तोंडाशी साध्या पितळेपेक्षा लवकर चिरते. चालेल, पण वेगळी ठेवा.

अमोनियाने चकचकीत करणं

पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ताणाखालच्या या पितळेला अमोनिया आतून चिरतो. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांना अशाच चिरा पडत. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ साली मांडलं गेलं. घरगुती पॉलिशच्या बाटलीवर अमोनियाचा उल्लेख दिसला तर ती पुंगळ्यांजवळ आणू नका. चकाकीने नेम सुधारत नाही, स्वच्छता पुरते. कोरड्या टंबलरच्या (पुंगळ्या घोळवून साफ करणारं यंत्र) धुळीत प्रायमरचं शिसं असतं, म्हणून ते काम मोकळ्या हवेत करा आणि नंतर हात धुवा.

बिघाड दिसला तर

पुंगळ्या मुठीत घेऊन हलवा. चिरलेली पुंगळी खणखणीत वाजत नाही, तिचा आवाज बद्द येतो. .३८ स्पेशलची तोंडं लवकर चिरत असतील तर तोंड गरजेपेक्षा जास्त फाकवलं जातंय किंवा क्रिम्प जास्त होतोय. आधी डाय सैल करा.

प्रायमर बसताना काहीच अडलं नाही, तर पॉकेट ढिलं झालंय. त्यावर इलाज नाही.

बुडाच्या वर चमकदार पट्टी दिसली की नवखे घाबरतात. बऱ्याचदा ती कार्बाइड डाय थांबल्याची खूण असते. वाकवलेल्या तारेचं टोक आतल्या भिंतीवरून फिरवा. खाच लागली तरच पुंगळी फेका.

लांबीची फार चिंता नको. सरळ भिंतीच्या पिस्तूल पुंगळ्या क्वचितच वाढतात, .४५ एसीपी तर वापरागणिक थोडी आखूडच होते. पण रिव्हॉल्व्हरसाठी रोल क्रिम्प (तोंडाची कडा गोळीत आत वळवणं) करत असाल तर लांबी सारखी हवी, नाहीतर प्रत्येक गोळीची पकड वेगळी.

पुंगळ्यांचे गट करा, डब्यावर शिक्का आणि किती वेळा भरल्या ते लिहा, आणि एका गटातल्या पुंगळ्या एकापाठोपाठ चिरू लागल्या की तो सगळा गट बाद करा. बाद केलेल्या पुंगळीचं तोंड पक्कडीने चेपून टाका, म्हणजे ती चुकूनही परत डब्यात जाणार नाही.