किनाऱ्यालगतच्या घराची पायवाट
कोकणात समुद्राला लागून घर, माडांची वाडी घेताय? गडगा (दगडी कुंपण) घालण्याआधी एकदा सकाळी सहाला तिथे उभे राहा. मागच्या घरांतली माणसं जाळी घेऊन, बायका डोक्यावर पाटी घेऊन तुमच्या माडांखालून पुळणीवर उतरताना दिसतील. त्यांची ही वाट २० वर्षं उघडपणे, विनाखंड, हक्काने वापरात असेल तर १८८२ च्या ईझमेंट (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वापरहक्काच्या) कायद्यानुसार ती वहिवाट, म्हणजे जाण्यायेण्याचा कायदेशीर हक्क ठरते. सातबाऱ्यावर नोंद नाही म्हणून हक्क नाही, असं समजू नका. त्यांची अडचण होत नसेल तर वाट ठरावीक पट्ट्यातूनच वापरा, असं कलम २२ प्रमाणे सांगता येतं. मी म्हणेन, कडेने चार फूट सोडा, बेडं (साधं फाटक) लावा, कुलूप नको. नव्याने कुणाला जाऊ देणार असाल तर परवानगी लेखीच द्या. परवानगीच्या वापरातून वहिवाटीचा हक्क तयार होत नाही.