कॅरमची चारही पॉकेटं दिसली पाहिजेत

फावल्या वेळात मी युनिटीत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कॅरमचा मोबाइल गेम बनवतोय. माझ्या जुन्या १६:९ फोनवर बोर्ड अगदी चपखल बसायचा. बहिणीच्या २०:९ फोनवर टाकला, तर दोन्ही बाजू कापलेल्या आणि चारही पॉकेटं अर्धी गायब. राणी घालायची कुठे?

युनिटीतल्या ऑर्थोग्राफिक (लांबचं-जवळचं सारख्याच आकारात दाखवणाऱ्या) कॅमेऱ्याचा 'साइझ' म्हणजे दिसणाऱ्या भागाची निम्मी उंची. ती पक्की धरली की फोन जितका लांबोडका, तितकी रुंदी कमी. म्हणून हिशेब रुंदीकडून करा. माझा बोर्ड ९ युनिट रुंद, त्याचे निम्मे ४.५. स्क्रीनची रुंदी भागिले उंची करून जो आकडा येईल, त्याने याला भागायचं. उभ्या १६:९ फोनवर ८ येतात, २०:९ वर १०. ४:३ टॅबलेटवर मात्र ६ च येतात. वर-खाली मिळून जेमतेम ३ युनिट उरतात आणि बटणं स्कोअरच्या उरावर बसतात. म्हणून आलेला आकडा आणि ८, यांतला मोठा घ्या. टॅबलेटवर बाजूला जागा सुटते, तिथे मी टेबलाचं लाकूड दाखवलंय. बरं दिसतं.

बटणांना कॅनव्हास स्केलरमध्ये (बटणं-मजकूर स्क्रीनप्रमाणे लहानमोठं करणारा युनिटीचा भाग) 'स्केल विथ स्क्रीन साइझ', रेफरन्स १०८० बाय १९२० आणि 'एक्स्पांड' पुरतं. वरची पट्टी स्क्रीनच्या सेफ एरियात, म्हणजे काहीही झाकलं न जाणाऱ्या भागात, बसवा, नाहीतर स्कोअर सेल्फी कॅमेऱ्याच्या भोकाखाली जातो.

वेगाची चूक मात्र लाजिरवाणी होती. फ्रेमरेट (गेम सेकंदाला किती चित्रं काढतो) हौसेने रिफ्रेश रेटला (स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते, हर्ट्झमध्ये) बांधला होता आणि स्ट्रायकर दर फ्रेमला ठरावीक अंतर सरकवत होतो. ६० हर्ट्झवर ठीक. भाच्याच्या १२० हर्ट्झच्या फोनवर तोच फटका निम्म्या वेळात संपला. "मामा, हा कॅरम आहे की पिनबॉल?" मग हाताने सरकवणं सोडलं आणि सगळं रिजिडबॉडीवर, म्हणजे वस्तू फिजिक्सच्या नियमांनी हलवणाऱ्या युनिटीच्या भागावर, सोपवलं. फिजिक्स मुळात सेकंदाला ५० वेळाच चालतं, त्यामुळे वेग सगळीकडे सारखा. सोंगट्या अडखळत सरकताना दिसल्या तर रिजिडबॉडीचं इंटरपोलेशन (दोन फिजिक्स पावलांमधल्या जागा भरून हालचाल सलग दाखवणं) चालू करा.

राहिला २ जीबी रॅमचा फोन, तिथे मेमरी जपावी लागते. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं एक टेक्स्चर (गेममधलं चित्र) कॉम्प्रेस न करता १६ एमबी खातं, एएसटीसी ४ बाय ४ या कॉम्प्रेशनमध्ये ४. फार जुन्या फोनला एएसटीसी कळत नाही, तिथे युनिटी ते उलगडून पुन्हा १६ वर नेते. तसे फोन हवे असतील तर ईटीसी२ हे दुसरं कॉम्प्रेशन निवडा.