कोळीवाड्यात ट्रेनिंगला जाण्याआधीची तयारी

मंडळी, जुलैत पुण्यातून आपण आठ जण कोकणात चाललोय, गावातल्या मच्छीमारांनी आपल्या किनाऱ्याची मासेमारी स्वतःच कशी सांभाळायची यावर त्यांच्यासोबत तीन दिवस बसायला, तर तयारीचं सगळं एकदाच लिहितेय, नीट वाचा.

सगळ्यात आधी तारखा. मागे एका डोल जाळ्यांच्या (पाण्याच्या ओढीत रोवून ठेवायची पिशवीसारखी जाळी) गावात आम्ही आपला सोयीचा शनिवार-रविवार धरून गेलो आणि नेमकं उधाण होतं, डोलीला जोराचं पाणी लागतं त्यामुळे सगळ्या होड्या बाहेर, देवळात तीन म्हातारबाबा आणि आम्ही. भांगावर, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाण्याची ओढ कमी असते तेव्हा, माणसं घरी सापडतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते तेव्हा हा प्रश्न नसतो, लोक जाळी दुरुस्त करत बसलेले असतात, निवांत बोलतात, पण मोजायला मासाच नसतो. म्हणून फेऱ्या दोन धरा, जुलैत बोलायला आणि नारळी पौर्णिमेनंतर मोजायला, ही दुसरी मात्र उधाणातच. जुलैत ताम्हिणीतून जाताना दरडीची बातमी बघूनच निघा, आणि लाइट जाणार हे धरून चाला, प्रोजेक्टर नको, मोठे कागद आणि मार्कर घ्या.

जायच्या आधी एक रविवार सकाळी सगळ्यांनी गणेश पेठेच्या मासळी बाजारात यायचं, पट्टी घेऊन, मासे मोजायचा सराव करायला. पापलेटची किमान कायदेशीर लांबी 135 मिमी आहे, पण शेपटीच्या खाचेपर्यंत मोजलं की टोकापर्यंत यात बराच फरक पडतो, तेव्हा काय धरायचं ते ठरवून वहीत वर लिहा, नाहीतर आठ जणांचे आठ आकडे येतील. तिथल्या मावशींना आधी विचारा, गिऱ्हाइकाच्या वेळेत मध्ये उभं राहू नका.

गावात मीटिंग दुपारी ठेवा, सकाळी बायका बाजारात असतात आणि कुठला मासा बारीक होत चाललाय हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. त्या नसतील तर मीटिंग पुढे ढकला, मी हे मनापासून सांगतेय.

आता गोष्टी कुठल्या सांगायच्या. मादागास्करमधल्या आंदावादोआका गावाने 2004 मध्ये ऑक्टोपसची एक जागा सात महिने बंद ठेवली, उघडल्यावर मोठे ऑक्टोपस मिळाले आणि ते बघून शेजारची गावंही तसंच करायला लागली. फिजीतल्या उकुनिवानुआ गावाने 1997 मध्ये शिंपल्यांसाठी 24 हेक्टर राखून ठेवले आणि मोजणीही गावकऱ्यांनीच शिकून केली. पण हे सांगताना पापलेटचं आश्वासन देऊन बसू नका! ऑक्टोपस भराभर वाढतो, शिंपले जागा सोडत नाहीत, पापलेट फिरता मासा आहे, तो एका गावाच्या बंदीने वाढत नाही. आपल्याकडे सुरुवात खाडीतल्या तिसऱ्यांपासून, म्हणजे शिंपल्यांपासून, करणं जास्त खरं, कुठला तुकडा किती महिने सोडायचा हे तिसऱ्या काढणाऱ्या बायकाच ठरवतील, आपण फक्त नकाशा काढायला मदत करायची.

एलईडीवाल्या (रात्री दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या) आणि पर्ससीनवाल्या (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरणाऱ्या) बोटींचा विषय निघणारच, आणि राग खरा आहे. तेव्हा नीट वाचून जा: किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत राज्याचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो, त्यापुढे केंद्राचा विषय. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला 40 मिमीची चौकोनी आस (जाळ्याचं भोक) का, तर हिऱ्याच्या आकाराची आस ओढ बसली की मिटते आणि पिल्लं आतच अडकतात, हे जाळ्याचा तुकडा ताणून दाखवा, बोलून समजत नाही. तालुक्याच्या मासेमारी परवाना अधिकाऱ्यांना आधी पत्र द्या आणि एक सेशन त्यांचं ठेवा.

एका गावात मला तांडेलकाका (होडीचे प्रमुख) म्हणाले, वर्षानुवर्षं लोक येऊन आकडे घेऊन जातात, परत कोणी दाखवत नाही. मला त्या दिवशी काही उत्तर देता आलं नाही. म्हणून रजिस्टर मराठीतच छापायचं, तारीख, जाळं, किती टोपल्या, दहा माशांची लांबी, एवढेच रकाने, आणि ते मच्छीमार सोसायटीच्या कपाटात राहणार, आपण फक्त फोटो काढून आणायचे, तेही विचारून. रजिस्टर भरायला गावातले दोघं निवडा, एक मुलगी नक्की, त्यांना महिन्याचं मानधन द्यायचं आणि ते पहिल्या सहा महिन्यांचं निघायच्या आधी जमा झालेलं पाहिजे. पट्ट्या चार, वजनकाटा एक, प्लास्टिकची पिशवी रजिस्टरला. वर्गणी या आठवड्यात द्या.