स्विमिंग पूलचा ऑटो-फिलर : पाणी भरलेलं दिसतंय म्हणून गाफील राहू नका, या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात लोकमान्यनगरातल्या एका काकांनी खंडवा रोडवरच्या त्यांच्या फार्महाऊसवर बोलावलं. पूल 10 बाय 5 मीटरचा. तक्रार अशी की कितीही क्लोरीन टाका, दुपारपर्यंत उडून जातं. चौकीदार मात्र खुशीत होता, "साब, पानी तो एकदम फुल रहता है." तिथेच माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. इंदूरच्या मेमधल्या कोरड्या वाऱ्यात पूल आपोआप फुल राहत नाही.

भरत होता तो ऑटो-फिलर. पूलच्या कडेला झाकणाखाली फूटभर रुंदीची डबी, तिच्यात संडासाच्या टाकीत असतो तसलाच बॉलकॉक, आणि खालून पूलला जोडणारा पाईप. पूलचं पाणी उतरलं की डबीतलंही उतरतं, फुगा खाली येतो, कॉक उघडतो. एवढंच यंत्र. आणि ते चोख चालत होतं, हीच अडचण होती.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच : पातळी कायम आहे म्हणजे पूल ठणठणीत आहे असं धरून चालणं. फिलर गळती भरून काढतो, म्हणून ती दिसत नाही. आम्ही फिलरचा कॉक बंद केला. एक बादली पूलच्या पायरीवर ठेवली, पूलच्या पातळीइतकंच पाणी तिच्यात भरलं, आतून-बाहेरून खुणा केल्या आणि 24 तास कुणालाही पाण्यात उतरू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी 8 मिलिमीटर उतरलं होतं, पूलचं 20. पहिला आकडा उन्हाचा, वरचे 12 मिलिमीटर गळतीचे. या पूलमध्ये एक सेंटीमीटर म्हणजे 500 लिटर, म्हणजे रोजची गळती 600 लिटर. महिन्याला 18,000. पाच हजारी टँकर लावले तर साडेतीन.

क्लोरीनचं कोडंही इथेच सुटलं. उन्हापासून क्लोरीनला वाचवणारं स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड, वाफेबरोबर उडत नाही, पण गळतीबरोबर जातं. 65,000 लिटरच्या पूलमधून रोज 600 लिटर गेले, तर दोन महिन्यांत ते चाळीसेक टक्के कमी होतं. काका क्लोरीन बदलत बसले होते.

फट सापडली ती फिलर बंद ठेवल्यामुळेच. पाणी उतरत उतरत स्किमरच्या, म्हणजे वरचा कचरा पाण्याबरोबर ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या, तोंडाच्या खालच्या काठाशी येऊन थांबलं. पुन्हा भरून, पंप बंद करून, पाणी संथ झाल्यावर तिथे नातवाच्या पेनातल्या निळ्या शाईचे दोन थेंब सोडले. एक थेंब जागीच पसरला, दुसरा दोऱ्यासारखा लांब होत स्किमर आणि भिंतीच्या जोडात गेला. आपल्या माळव्यातल्या काळ्या मातीत हे दुखणं लांबवू नये, पाणी मुरलं की ती फुगते आणि कडेच्या फरश्या उचलते.

आता खुद्द फिलर बिघडला तर. लोक आधी पाना घेऊन बॉलकॉक खोलतात. थांबा. आधी झाकण काढून डबीतली आणि पूलमधली पातळी डोळ्यांनी ताडून पाहा. डबी भरलेली आणि पूल उतरलेला असेल, तर कॉक निर्दोष आहे, मधला पाईप तुंबलाय. डबीत बादलीभर पाणी ओता, ते उतरलं नाही की खात्री झाली. पानं, माती, कधी एखादा बेडूक.

दोन्ही पातळ्या सारख्या आणि तरी पाणी वाहतच असेल, तर हाताने फुगा वर उचला. धार थांबली तर फुग्यात पाणी शिरलंय किंवा दांडी वाकलीय. नाही थांबली तर वायसर. बोरिंगच्या जड पाण्यावरचा वायसर काढून पाहिलात तर मधोमध गोल खाच पडलेली दिसेल आणि वायसर टेकतो त्या समोरच्या काठावर पांढरा क्षार. वायसर नवा घाला, क्षारासाठी लिंबूसताच्या पाण्यात भाग तासभर बुडवा. फरशीचं ॲसिड पितळेवर ओतू नका, कॉकच खाऊन टाकेल.

फिलर सोलेनॉइडचा, म्हणजे विजेच्या कॉइलने उघडणाऱ्या कॉकचा असेल तर आधी पाण्याचा दाब बघा. टाकी तीनच मीटर उंच असली तर दाब जेमतेम 0.3 बार, एवढ्यावर बऱ्याच जातींचे सोलेनॉइड नीट उघडत नाहीत. बिचारी कॉइल चांगली असूनही बदलली जाते. उलट, बोरिंगच्या मोटरवरून थेट जोडलं तर दाब इतका की बॉलकॉक मिटतच नाही. फुगा स्किमरमध्ये बसवलेला असेल तर पंप चालू असताना तिथली पातळी पूलपेक्षा खाली जाते आणि पूल विनाकारण वर भरतो, म्हणून पातळी पंप चालू असतानाच लावा.

एका गोष्टीवर मी अडून बसतो : फिलर नर्मदेच्या नळाला थेट जोडायचा नाही. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढून येणारं पाणी आपल्याकडे बहुतेक कॉलन्यांत एक दिवसाआड येतं. मधल्या वेळात लाइन रिकामी असते. पाईपचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर पूलचं पाणी उलटं लाइनमध्ये ओढलं जाऊ शकतं, आणि तिथून कुणाच्या तरी माठात. टाकीवरून जोडा, आणि तोंड पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपासून पाईपच्या व्यासाच्या किमान दुप्पट उंच ठेवा.

पाऊस लागला की कॉक बंद. बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुताना, तेव्हाही बंद, नाहीतर किती पाणी बाहेर गेलं ते कळत नाही.

काकांच्या फिलरच्या लाइनवर आता छोटा मीटर बसवलाय. चौकीदार रोज सकाळी आकडा पंपरूमच्या दारावर खडूने लिहितो. परवा गेलो तर आदल्या आठवड्यातले आकडे ओळीने होते, आणि एका दिवसापुढे त्यानेच गोल काढून ठेवला होता, "साब, ये वाला ज़्यादा है."