वार्षिक फायरिंगच्या आधी बराकीत करायची तयारी

पाऊस सरला, रेंजवरची जांभ्याची माती वाळली की रत्नागिरी काय नि सिंधुदुर्ग काय, पोलिसात नव्या लागलेल्या पोरापोरींचे मेसेज सुरू, काका फायरिंग लागलंय, पास कसं व्हायचं. बाबांनो, नेम डोळ्यामुळे कमी चुकतो, बोटामुळे जास्त, आणि बोटाला वळण बराकीतच लागतं.

शस्त्र हातात आलं की आधी मॅगझिन काढायचं, मगच कॉकिंग हँडल (बाजूचा खटका) मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, डोळ्यांनी बघायचं. क्रम उलटा केलात तर आतली गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी आत जाते, तुम्ही मात्र बंदूक रिकामी झाली म्हणून निवांत. देणारा रिकामी आहे म्हणाला तरी स्वतः बघायचं, यात लाज कसली.

आता ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळीविना सराव, खोलीत एकही जिवंत राउंड नको. लेटून पोझिशन घ्या, जोडीदाराला नळीवर फोरसाइटच्या (नळीच्या टोकाकडच्या नेमकाट्याच्या) मागे एक रुपयाचं नाणं ठेवायला सांगा, अर्धा श्वास सोडून थांबा, नजर फोरसाइटच्या टोकावर, टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं, आणि ट्रिगर सरळ मागे दाबत जा. नाणं पडलं म्हणजे झटका दिलात. आमचे उस्ताद, म्हणजे फायरिंग शिकवणारे, मालवणकडचे, ओरडायचे, "मेल्या, गोळी खंय गेली ता बघू नको, बोट खंय गेला ता बघ!" तेव्हा राग यायचा, पण महिनाभराने नाणं पडायचं बंद झालं.

रेंजवर सगळे राउंड एका कोपऱ्यात पण जवळजवळ लागले तर घाबरू नका, ग्रुपिंग चांगलं आहे, साइट जुळवली की झालं. विखुरले तर दोष हाताचा. जमलं तर सकाळचा नंबर घ्या, दुपारी खारा वारा सुटला की उभ्याने नळी स्थिर राहत नाही. ट्रिगर दाबूनही फायर झालं नाही तर नळी बटाकडेच, म्हणजे टार्गेटमागच्या मातीच्या बांधाकडेच, ठेवून थांबा, हात वर करा, मागे वळून "उस्ताद, काय झालं" विचारायचं नाही, गोळी उशिरानेही सुटू शकते.

साफसफाईत आपल्याकडे हयगय चालतच नाही, खाऱ्या हवेत एका रात्रीत गंज धरतो. फुलतरूला (नळी साफ करायच्या दोरीला) चार बाय दोन इंचाची चिंधी लावून चेंबरकडून नळीच्या तोंडाकडे ओढा, एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) असेल तर गॅस प्लग आणि पिस्टनवरचा कार्बन काढाच, नाहीतर पुढच्या वेळी अडकणार, आणि नंतरचे दोन-तीन दिवस परत पुसा, नळी आतून घाम सोडते.

एक तक्रार माझी आहेच. 1990 साली हवानाला संयुक्त राष्ट्रांनी पोलिसांसाठी ठरवलेली तत्त्वं सांगतात की शस्त्र वापरायचं खास प्रशिक्षण पूर्ण केलेल्यालाच ते बाळगू द्यावं, आणि गोळीला पर्याय काय, समोरच्याला बोलण्यात कसं गुंतवायचं हेही शिकवावं. आपण वर्षातून एकदा पुठ्ठ्यावर गोळ्या मारतो, पुठ्ठा हात वर करून शरण येत नाही. म्हणून दोघांनी मिळून रोज पाच मिनिटं एवढं करा, एकाने अचानक हातात मोबाईल किंवा काठी काढायची, दुसऱ्याने रिकाम्या हातांनी, फक्त तोंडाने "गोळी" की "नाही" सांगायचं. भारतीय न्याय संहितेची स्वसंरक्षणाची कलमं, 34 ते 44, त्याच बैठकीत वाचून काढा.

आणि हो, पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या गोळ्यांची रिकामी टरफलं, मोजून घ्या. लाल मातीत एक जरी हरवली तर अख्खी तुकडी उन्हात गुडघ्यावर बसून शोधते, आणि जेवण तोवर थांबतं.