एचटीएमएलमध्ये लिंक कशी द्यावी आणि ती का तुटते

एचटीएमएल या वेबपानं लिहिण्याच्या भाषेत लिंकसाठी टॅग, म्हणजे ब्राउझरला सूचना देणारी खूण, एकच: 'ए'. तो लगेच जमतो. बहुतेकांचं अडतं ते पत्त्यापाशी.

आधी टॅग. < हे चिन्ह, त्याला चिकटून रोमन लिपीतलं छोटं ए, एक स्पेस, मग एच-आर-ई-एफ ही चार अक्षरं, = आणि " " मध्ये पत्ता. शेवटी >. पुढे वाचकाला दिसणारा मजकूर लिहा आणि <, /, ए, > असं क्रमाने टाकून टॅग बंद करा. बंद करायचं राहिलं की खालचा मजकूरही निळा होऊन लिंकचाच भाग बनतो. अवतरणचिन्हं सरळ हवीत. वर्ड प्रोसेसर ती परस्पर वळणदार करतो, ब्राउझर त्यांना पत्त्यातलीच अक्षरं समजतो आणि लिंक भलतीकडे जाते. म्हणून कोड साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच लिहावा.

आता पत्ता. दुसऱ्या साइटचा असेल तर एचटीटीपीएस, कोलन आणि // यांसकट पूर्ण द्या. नुसतं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूपासून सुरुवात केली तर ब्राउझर त्या नावाची फाइल तुमच्याच फोल्डरमध्ये शोधतो, आणि समोर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' ही चूक येते.

स्वतःच्या साइटवरचं पान त्याच फोल्डरमध्ये असेल तर फाइलचं नाव पुरतं. आतल्या फोल्डरमध्ये असेल तर फोल्डरचं नाव, / आणि मग फाइल. एक पायरी वर जायला ../ आणि दोन पायऱ्यांसाठी ../../ लिहा. सुरुवातीलाच / दिला तर पत्ता साइटच्या मुळापासून मोजला जातो. अशी लिंक सर्व्हरवर, म्हणजे साइट ठेवलेल्या कॉम्प्युटरवर, नीट चालते, पण तीच फाइल कॉम्प्युटरवर डबल-क्लिक करून उघडली की चालत नाही, कारण तिथे मूळ म्हणजे अख्खी डिस्क.

उलटाही प्रकार होतो: घरी चालणारी लिंक अपलोड केल्यावर मरते. विंडोज फाइलच्या नावात लहान-मोठी रोमन अक्षरं सहसा एकच मानतं, लिनक्स सर्व्हर मानत नाही. नावं सगळी लहान अक्षरांत ठेवा आणि स्पेसऐवजी हायफन वापरा, म्हणजे हा ताप टळतो. देवनागरी नावं चालतात, पण कॉपी केलेल्या पत्त्यात एकेका अक्षराची किमान नऊ चिन्हं होतात. पत्ता वाचवत नाही.

त्याच पानावर खाली उडी मारायची असेल तर त्या शीर्षकाच्या टॅगला आयडी, म्हणजे ओळखीचं नाव द्या, समजा "संपर्क", आणि लिंकच्या पत्त्यात "#संपर्क" लिहा. # फक्त लिंकमध्ये, आयडीत नाही. आयडीत स्पेस नको आणि एका पानावर तो दोनदा नको. दोनदा आला तर उडी पहिल्यावरच पडते. आयडी देवनागरीत बिनधास्त द्या.

लिंकच्या मजकुरात 'इथे क्लिक करा' टाळा. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा प्रोग्राम) वापरणारे अनेकदा पानावरच्या लिंकांची नुसती यादी ऐकतात. त्यात दहा वेळा 'इथे' ऐकून काय कळणार? 'प्रवेश अर्जाचा नमुना' असं थेट लिहा.

अपलोड झाल्यावर प्रत्येक लिंक दाबून पाहा. ४०४ आलं तर कोड उसवण्याआधी अ‍ॅड्रेस बारमधला पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. जास्तीचं फोल्डर, गाळलेला / किंवा चुकलेलं मोठं अक्षर बहुधा तिथेच दिसतं.