दोन ‘सीटीं’चा घोळ : कोविडचे रिपोर्ट वाचताना

‘सीटी २२ आलीय’ असा फोन आला, तर आधी विचारा : स्वॅबची की स्कॅनची? स्वॅबची असेल तर नुसत्या आकड्यावरून घाबरण्याचं कारण नाही. छातीच्या सीटी स्कॅनमधले २५ पैकी २२ असतील तर मात्र रुग्ण गंभीर आहे.

आरटी-पीसीआर म्हणजे स्वॅबवर लॅबमध्ये होणारी चाचणी. तिच्यातली सीटी म्हणजे विषाणूचा अंश किती फेऱ्यांनंतर सापडला तो आकडा. दर फेरीला प्रती जवळपास दुप्पट होतात, म्हणून आकडा जितका लहान तितका विषाणू जास्त. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पॉझिटिव्हसाठी ३५ ची मर्यादा धरली होती. पण दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडू नका. किट बदललं की आकडा बदलतो. आजार किती गंभीर आहे, हेही त्यावरून ठरत नाही.

स्कॅनचा स्कोर वेगळा. फुफ्फुसाचे पाच भाग (उजवीकडे तीन, डावीकडे दोन), प्रत्येकाला ० ते ५ गुण. इथे आकडा वाढला की नुकसान जास्त.

लक्षणं दिसली की आधी स्वॅबच. काडी नाकपुडीत वर नाही, तर कानाच्या दिशेने आडवी, अडेपर्यंत जायला हवी. काही सेकंद थांबून, फिरवून काढायची. नुसती नाकाच्या तोंडाशी फिरवली किंवा नमुना २ ते ८ अंशांत ठेवला नाही, तर निगेटिव्ह खोटं निघू शकतं. रॅपिड अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर मान्य करा; लक्षणं असून निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा.

पहिल्या दिवशीच स्कॅनला पळणं मात्र पैसे आणि किरणं दोन्ही वाया घालवणं. पहिल्या दोन दिवसांत बऱ्याच जणांचा स्कॅन स्वच्छच असतो. उलट, कोविडच्या स्कॅनमधले, काचेवर वाफ धरावी तसे धुरकट डाग इतर विषाणूंच्या न्यूमोनियातही दिसतात. वुहानच्या १,०१४ रुग्णांच्या अभ्यासात आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी ९७ टक्क्यांच्या स्कॅनमध्ये बदल दिसले, पण निगेटिव्ह असलेल्यांपैकी फक्त २५ टक्क्यांचे स्कॅन स्वच्छ होते. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, धाप लागली किंवा निगेटिव्ह येऊनही संशय कायम राहिला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने स्कॅन करा. एक्स-रे स्वस्त, पण सुरुवातीचे फिकट डाग त्यात सुटतात.

स्कॅनच्या रिपोर्टवर ‘को-रॅड्स ५’ वाचून तर लोक हादरतातच. तो कोविड असल्याच्या संशयाचा दर्जा आहे, आजाराच्या गांभीर्याचा नव्हे. को-रॅड्स ५ आणि स्कोर ३ हे एकाच रिपोर्टवर असू शकतं.

रिपोर्ट डॉक्टरांना पाठवताना लक्षणं सुरू झाल्याची तारीख लिहा. फुफ्फुसातले बदल साधारण दहाव्या दिवसाच्या सुमारास शिगेला पोचतात; चौथ्या दिवशीचा स्कॅनचा स्कोर ८ अजून चढू शकतो, पंधराव्या दिवशीचा ८ बहुधा उतरणीला लागलेला असतो.